खडकाळ रस्त्यांसाठी घरी बांधायचा टिअरड्रॉप ट्रेलर : आराखड्यावर मत हवे आहे

दगडवाट (सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी आणि माझी पत्नी तंबू घेऊन सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावर आणि मोहावीच्या वाळवंटात हिंडत आहोत. आता पाठीला जमिनीवरची झोप मानवत नाही आणि वाळवंटातला रात्रीचा वारा तंबूच्या काठ्या वाकवून टाकतो, म्हणून या हिवाळ्यात घराच्या गॅरेजमध्ये टिअरड्रॉप पद्धतीचा छोटा ट्रेलर स्वतः बांधण्याचे ठरवले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : आडव्या ठेवलेल्या थेंबाच्या आकाराची, दोन माणसांची गादी मावेल एवढीच खोली, आणि मागचे झाकण वर उचलले की बाहेर उभे राहून स्वयंपाक करायचा ओटा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक असे ट्रेलर घरी बांधत आले आहेत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे नकाशे मासिकांतून छापून येत असत. ते नकाशे आजही सहज मिळतात, पण ते डांबरी रस्त्यांसाठी काढलेले आहेत आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते.

गाडी २०१८ सालची टोयोटा फोररनर आहे. तिची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो आहे, त्यामुळे वजनाची चिंता नाही असे मी धरून चाललो आहे. मोठमोठ्या शिळांवरून गाडी चढवण्याचा खेळ मला खेळायचा नाही. डेथ व्हॅलीत रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्याकडे जाणारा सुमारे ४३ किलोमीटरचा कच्चा रस्ता, सलाइन व्हॅली आणि जमलेच तर मोहावी रोड, एवढीच इच्छा आहे. यांतले पुष्कळ अंतर पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखे असते आणि अधूनमधून धारदार खडक येतात.

आराखडा असा आहे. पेटी ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच. बाजूच्या भिंती १८ मिलिमीटरच्या बर्च प्लायच्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. चासी २ बाय ३ इंचांच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या आयताकृती पोलादी पाइपची. गाडीला जोडणारी पुढची दांडी एकच, मधोमध, पेटीपुढे १.४ मीटर येणारी. ३,५०० पौंड क्षमतेचा तयार ॲक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), कारण ते दुकानात लगेच मिळतात. ॲक्सल पेटीच्या बरोबर मध्यावर. चाके फोररनरचीच, २६५/७० आर १७, सहा बोल्टची, म्हणजे एकच जादा चाक दोघांना चालेल. मागच्या स्वयंपाकघरात फ्रिज, शेगडी, ७५ लिटर पाण्याची टाकी आणि बॅटरी. जादा चाक मागच्या बाजूला टांगलेले.

ॲक्सलची जागा बरोबर आहे का, पाटे ठेवावेत की नळीच्या आतल्या रबरावर धक्का झेलणारे टॉर्शन ॲक्सल घ्यावे, आणि पाच फूट रुंदी योग्य आहे का, या तीन प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी सांगावे. अजून एकही पाइप कापलेला नाही, त्यामुळे काहीही बदलता येईल.


वाळवंटी (फिनिक्स, ॲरिझोना)

पाइप कापण्याआधी विचारलेत हे उत्तम केलेत. मी विचारले नव्हते, म्हणून माझी चासी दोनदा बांधली गेली.

तुमच्या आराखड्यात सर्वांत आधी दुरुस्त करण्याची गोष्ट ॲक्सलची जागा नाही, वजनांची मांडणी आहे, कारण ॲक्सलची जागा त्या मांडणीवरून ठरते. मी तुमच्या वर्णनावरून अंदाजे आकडे धरून हिशेब केला. सर्व अंतरे गाडीच्या बॉलपासून, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो तिथून, मागे मोजली आहेत, म्हणजे पेटी १.४ मीटरवर सुरू होते आणि ३.८४ मीटरवर संपते. चासी, चाके आणि ॲक्सल मिळून २५० किलो, मध्य २.४ मीटरवर. रिकामी पेटी २०० किलो, २.६२ वर. गादी, पांघरुणे, कपडे ४० किलो, २.२ वर. स्वयंपाकघर, फ्रिज आणि धान्य ९० किलो, ३.५ वर. पाणी ७५ किलो, ३.६ वर. बॅटरी १५ किलो, ३.४ वर. जादा चाक ३५ किलो, ३.९ वर. एकूण ७०५ किलो झाले आणि गुरुत्वमध्य आला २.८१ मीटरवर. तुमचा ॲक्सल २.६२ वर आहे. म्हणजे वजनाचा मध्य ॲक्सलच्या मागे पडला आणि बॉलवर भार येण्याऐवजी ट्रेलर तिथे सुमारे ५० किलोने वर उचलू पाहतो आहे.

आपल्याकडे बैलगाडी हाकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि जोते बैलांच्या गळ्याला कचते. मोटारीला गळा नाही, त्यामुळे ती तक्रार करत नाही. पण उलार ट्रेलर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाला एखाद्या मोठ्या ट्रकच्या वाऱ्याच्या झोतात सापडला की डावी-उजवीकडे वळवळू लागतो, आणि ते वळवळणे वाढत गेले तर गाडीलाही रस्त्यावरून ओढून नेते. अमेरिकेत सामान्य संकेत असा आहे की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा.

आता तीनच गोष्टी हलवून पाहा. पाण्याची टाकी मागून काढून पेटीच्या जमिनीखाली, ॲक्सलच्या थोडी पुढे, २.३ मीटरवर बसवा. बॅटरी दांडीवरच्या पेटीत, साधारण १ मीटरवर आणा. जादा चाकही दांडीवर, १.१ मीटरवर. वजन तेवढेच राहिले, पण मध्य २.४९ मीटरवर आला. आता ॲक्सल २.८२ मीटरवर ठेवला तर बॉलवर ८३ किलो येतात, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. टाकी पूर्ण रिकामी झाली तरी सुमारे ७० किलो, म्हणजे ११ टक्के उरतात. ॲक्सलजवळच्या टाकीचा फायदा हाच की पाणी संपले तरी ट्रेलरचा स्वभाव बदलत नाही. ही जागा पेटीच्या पुढच्या कडेपासून १.४२ मीटर, म्हणजे लांबीच्या ५८ टक्क्यांवर पडते. जुने बांधणारे पुढे साठ आणि मागे चाळीस असे जे सांगतात, ते हेच.

माझे आकडे तुमच्या हाती आलेल्या खऱ्या वस्तूंनी बदला. प्रत्येक वस्तू घरच्या वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहा. १८ मिलिमीटर बर्च प्लायचा एक चौरस मीटर साधारण १२ किलो भरतो, तेव्हा भिंतींच्या आतून चौकोन कापून तिथे फोम भरला तर वजनही उतरते आणि रात्रीचा गारठाही अडतो.

रुंदीचा प्रश्न मात्र तुम्हाला वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. फोररनरच्या डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतील अंतर सुमारे १,६०५ मिलिमीटर आहे. ट्रेलरची चाके गाडीच्याच चाकोरीतून जावीत अशी इच्छा असेल, आणि वाळूत व चिखलात ती असलीच पाहिजे, तर २६५ मिलिमीटर रुंद टायरची आतली कड मधल्या रेषेपासून ६७० मिलिमीटरवर येते. तुमच्या पाच फुटी पेटीची भिंत ७६२ मिलिमीटरवर आहे. म्हणजे टायर भिंतीत शिरतो! मी हे न मोजता पेटी बांधली आणि शेवटी लांब ॲक्सल मागवून चाके बाहेर काढली. आता माझ्या ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा प्रत्येक बाजूला चौदा सेंटीमीटर बाहेर चालतात, आणि अरुंद वाटेवर मी जो खडक चुकवतो तो ट्रेलर इमानाने गाठतो.


खाडीकाठ (सॅन होजे)

तांत्रिक भाग वरच्या प्रतिसादात आला आहे. मी फक्त कायद्याचे तीन मुद्दे सांगतो. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो किंवा त्याहून जास्त एकूण वजनाच्या कॅम्प ट्रेलरला निदान दोन चाकांवर ब्रेक असणे बंधनकारक आहे. वरचा हिशेब ७०५ किलोचा आहे, म्हणजे आपण मर्यादेच्या पलीकडे आहात, तेव्हा ॲक्सल मागवतानाच विजेचे ब्रेक बसवलेला मागवावा आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घ्यावा. दुसरे, या राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. तिसरे, घरी बांधलेल्या ट्रेलरला डीएमव्ही, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्यामार्फत ओळख क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून पाइप, ॲक्सल, चाके यांच्या खरेदीच्या सर्व पावत्या एका फाइलमध्ये जपून ठेवाव्यात. माझ्या एका स्नेह्यांनी पावत्या फेकून दिल्या होत्या आणि नंतर त्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या.


अर्धा_कप_चहा (सिॲटल)

एक वेगळे मत मांडतो, राग नसावा. तुम्ही दोघे अशा ट्रेलरमध्ये अजून एकही रात्र झोपलेले दिसत नाही. बांधण्याआधी एखादा टिअरड्रॉप तीन रात्रींसाठी भाड्याने घ्यावा आणि त्यातली एक रात्र पावसाची असावी. चार फूट उंचीच्या छताखाली कपडे बदलणे, मध्यरात्री जोडीदाराच्या अंगावरून दाराकडे सरकणे आणि पावसात झाकणाखाली उभे राहून चहा करणे ज्यांना मजेचे वाटते, त्यांनीच पुढे जावे. आम्हाला दुसऱ्याच रात्री कळले की आम्ही त्यांतले नाही.


दगडवाट

वाळवंटी, आपला हिशेब मी रात्री कागदावर पुन्हा करून पाहिला आणि आकडे तेच आले. जादा चाक मागे टांगलेले चित्रात फार देखणे दिसत होते, पण ते आता दांडीवर गेले आहे. ५,००० पौंडांच्या भरवशावर वजनाची चिंता नाही असे मी लिहिले होते, ते वाक्य मागे घेतो. गाडी किती ओढू शकते आणि ट्रेलरमध्ये वजन कुठे आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे मला दिसले नव्हते.

अर्धा कप चहा, राग कसला. आम्ही मागील वसंतात एका मित्राच्या टिअरड्रॉपमध्ये चार रात्री काढल्या आहेत, त्यातली एक गारांची होती. पत्नीला त्यातली झोप इतकी आवडली की हा सगळा खटाटोप मूळचा तिचा आहे.

पाटे की टॉर्शन, आणि रुंदीचे काय करावे, हे दोन प्रश्न अजून उभे आहेत.


स्वानकाठ (पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलिया)

आम्ही दोघांनी नऊ वर्षांपूर्वी घरी बांधलेला छोटा कॅम्पर ट्रेलर किंबर्लीतल्या गिब रिव्हर रोडवरून दोन वेळा नेला आहे. तो रस्ता सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा, बहुतांश कच्चा आणि पन्हाळी पत्र्यासारखा आहे. पहिल्या वेळी आम्ही परत आलो तेव्हा तांदळाच्या डब्यात अर्धा डबा लाल माती होती, दोन अंडी सोडून सगळी फुटली होती आणि भिंतीवरच्या कपाटाचे स्क्रू जमिनीवर पडलेले होते. दुसऱ्या वेळी यांपैकी काहीच झाले नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात आम्ही काय बदलले ते सांगते.

आधी सस्पेन्शन. आपण ३,५०० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १,५९० किलोचा ॲक्सल घेणार आहात आणि त्यावर भार पडणार आहे सव्वासहाशे किलोंच्या आसपास. मजबूत ते चांगले असे वाटून सगळेच ही चूक करतात, आम्हीही केली. पाटे त्यांच्या क्षमतेच्या निदान निम्म्या भाराने वाकले नाहीत तर ते स्प्रिंग म्हणून काम करतच नाहीत आणि ट्रेलर प्रत्येक खळग्यावर चेंडूसारखा उसळतो. ॲक्सलची नळी आणि बेअरिंग मोठ्या क्षमतेची ठेवावीत, पण पाटे खऱ्या वजनाला साजेसे घ्यावेत. टॉर्शन ॲक्सल घेतल्यास तो कारखान्यातून कमी क्षमतेचा, साधारण २,००० पौंडांचा करून मागवता येतो.

दोहोंपैकी कोणता, तर माझे उत्तर पाटे आणि त्यांच्या जोडीला शॉक ॲब्सॉर्बर. ट्रेलरच्या पाट्यांना बहुतेक लोक शॉक ॲब्सॉर्बर लावत नाहीत, कारण डांबरी रस्त्यावर त्यांची उणीव जाणवत नाही. पन्हाळी रस्त्यावर मात्र त्यांच्यावाचून चाक रस्त्याला टेकलेलेच राहत नाही. टॉर्शनमधील रबर काही प्रमाणात धक्का स्वतःच जिरवते, त्याला वंगण लागत नाही, तो नीटनेटका दिसतो, हे सगळे खरे आहे. परंतु तो निकामी झाला तर वाळवंटात दुरुस्त होत नाही. पाट्याचे एखादे पान तुटले तर आम्ही लाकडाचा ठोकळा आणि साखळी बांधून दीडशे किलोमीटर आलो आहोत.

आता धूळ. हिच्याविषयी कोणीच आधी बोलत नाही आणि नंतर दुसरे काही बोलत नाही. चालत्या ट्रेलरच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि गाडीने उडवलेली सगळी माती नेमकी तिथेच घोंगावत असते. टिअरड्रॉपचे स्वयंपाकघराचे झाकण नेमके त्याच जागी असते. झाकणात सुईएवढी फट असली तरी तिच्यातून धूळ आत ओढली जाते. आम्ही झाकणाच्या कडेला पोकळ रबराच्या सीलच्या दोन ओळी लावल्या, पहिली ओळ चुकली तर दुसरी अडवते. साध्या कडीऐवजी झाकण दाबून घट्ट बसवणारी लॅच लावली. आणि सर्वांत उपयोगी ठरले ते म्हणजे पेटीच्या पुढच्या, उंच भागात गाळणी बसवलेले हवेचे तोंड. चालताना तिथून स्वच्छ हवा आत भरते, पेटीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. सील लावून फटी बुजवण्यात आम्ही पहिले वर्ष घालवले, दाबाचा विचार केला तेव्हा प्रश्न सुटला.

झाकण बंद आहे की नाही ते तपासण्याचा सोपा उपाय : रात्री आत दिवा लावावा आणि बाहेर अंधारात उभे राहून पाहावे. जिथून उजेड दिसेल तिथून धूळ येईल.

दारांचे कोपरे काटकोनात कापू नका. पेटी पिळवटली की चीर तिथूनच निघते. निदान आठ-दहा सेंटीमीटर त्रिज्येची गोलाई द्या. स्क्रूच्या जागी जिथे शक्य असेल तिथे आरपार बोल्ट आणि हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट वापरा.

रुंदीविषयी आमचा मार्ग सांगते. आम्ही चाके गाडीच्याच चाकोरीत ठेवली, पेटी पाच फुटीच ठेवली आणि चाकांच्या वरची कमान पेटीच्या आत घेतली. दोन्ही बाजूंना चौदा-पंधरा सेंटीमीटर जागा जाते, पण गादी कमानींच्या वर उचलून घेतली की झोपण्याची रुंदी पूर्ण पाच फूट मिळते आणि खाली कप्पे मिळतात. किंमत उंचीत मोजावी लागते. गादी चाळीस सेंटीमीटर वर गेली तर चार फुटी छताखाली बसता येत नाही, डोके लागते. छत अर्धा फूट उंच करावे लागेल, आणि तेवढा वारा जास्त लागेल.


जोडकाम (भोसरी, पुणे)

मी स्वतः असा ट्रेलर बांधलेला नाही, पण बावीस वर्षे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे आणि छोट्या मालवाहू ट्रेलरचे फॅब्रिकेशन करतो, त्यामुळे दांडीविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो. दुरुस्तीला आलेल्या ट्रॉल्यांपैकी बहुतेक एकाच जागी तडकलेल्या असतात : जिथे दांडी चासीच्या पहिल्या आडव्या पाइपला भेटते तिथे.

कारण गणिताने दिसते. २ बाय ३ इंचांचा ३ मिलिमीटर जाडीचा पाइप उभा, म्हणजे ३ इंच उंचीत ठेवला तर त्याचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे माप, साधारण १५,३०० घन मिलिमीटर येते. बॉलवर ८३ किलो आणि दांडी १.४ मीटर, तर उभ्या ट्रेलरच्या दांडीच्या मुळाशी ताण सुमारे ७४ मेगापास्कल येतो. खळग्यात तो तिप्पट धरावा लागतो, म्हणजे २२० च्या आसपास. तिकडे अमेरिकेत मिळणाऱ्या ए ५०० ग्रेड बी प्रतीच्या पाइपचा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा वाकतो तो आकडा, सुमारे ३१५ आहे, त्यामुळे कागदावर सगळे सुरक्षित दिसते, आणि इथेच माणूस फसतो.

पाइप एका धक्क्याने मोडत नाही, तो थकून मोडतो. पन्हाळी रस्त्यावर उंचवटे पाऊण मीटरवर धरले तर १०० किलोमीटरमध्ये १ लाख ३३ हजार धक्के बसतात आणि १,५०० किलोमीटरमध्ये २० लाख. एवढ्या आवर्तनांना पाइपची मूळ ताकद उपयोगी पडत नाही. वेल्डिंगची रेघ ताणाला आडवी गेली असेल, तर तिच्या काठाशी तग धरणारी ताकद मूळ पोलादाच्या ताकदीच्या लहानशा हिश्शाइतकीच उरते. बॉलचा जोर दांडीच्या टोकाला वर ढकलतो, म्हणून ताण दांडीच्या खालच्या बाजूला येतो. मग कारागीर काय करतो? आडवा पाइप आणि दांडी जिथे भेटतात तिथे खालून सुंदर, जाड, आडवी रेघ ओढतो, आणि गिऱ्हाईक खूष होते.

तेव्हा पहिली सूचना : मधली एकटी दांडी सोडून द्या आणि दोन पाइप इंग्रजी ए अक्षरासारखे पुढे जुळवून घ्या. मुळाशी ताण जवळजवळ निम्मा होतो. दुसरी : हे दोन पाइप पहिल्या आडव्या पाइपपाशी संपवू नका. त्याच्या खालून मागे घेऊन सस्पेन्शनच्या पुढच्या कंसापर्यंत (पाटे चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटपर्यंत) न्या, म्हणजे भार एका जोडावर न पडता लांबवर वाटला जाईल. तिसरी : वेल्डिंग पाइपच्या उभ्या बाजूंवर, लांबीच्या दिशेने करा. वरच्या आणि खालच्या सपाट बाजूंना आडवी रेघ मारू नका. भोके पाडायची असतील तर उंचीच्या मध्यावर पाडा, तिथे ताण सर्वांत कमी असतो. जोर देण्यासाठी पट्टी लावायची असेल तर तिचे टोक चौकोनी न ठेवता निमुळते करा, नाहीतर जाड भाग जिथे एकदम संपतो तिथून नवी चीर निघते.

कोणी ॲक्सलविरहित, प्रत्येक चाकाला स्वतंत्र रबरी सस्पेन्शन सुचवील. खाली नळी नसल्यामुळे खडकावरून जायला ते चांगले असते. पण त्यात प्रत्येक चाक आपल्या बाजूच्या पाइपला पिळते. डाव्या-उजव्या कंसांच्या बरोबर मध्ये एक भक्कम आडवा पाइप नसेल तर चासी तिथे वाकते. पाट्यांच्या बाबतीत ॲक्सलच ते काम करतो.

पेटी चासीवर बसवताना जाड रबराच्या चकत्या घालून सहा किंवा आठ बोल्टांवर बसवा. चासी थोडी पिळणारच, तिला पिळू द्यावे. पेटी सगळीकडून पक्की आवळली की तो पीळ प्लायमध्ये शिरतो, आणि ताईंनी सांगितलेली दाराच्या कोपऱ्याची चीर तिथूनच येते.


दगडवाट

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर नकाशा पुन्हा काढला, त्यातले बदल इथे नोंदवतो, म्हणजे कोणाला चूक दिसली तर सांगता येईल.

पेटी पाच फुटीच राहील, चाके गाडीच्या चाकोरीत आणि कमानी आत. गादी कमानींच्या वर, छत साडेचार फूट. त्यामुळे गादीवर बसलेल्या माणसाला सुमारे ९५ सेंटीमीटर मोकळे मिळतात. मी पत्नीला भिंतीला टेकवून मोजले, ती ८६ भरली. थेंबाचा आकार मात्र मोडला आहे. मागचा भाग खालून तिरका कापून वर घेतला आहे, कारण चढावर पोहोचताना ओट्याची खालची कड जमिनीला घासली असती. जे उरले ते थेंबापेक्षा पावाच्या लादीसारखे जास्त दिसते, आणि त्याचे आता मला वाईट वाटत नाही.

चासीची दांडी ए आकाराची, पाइप पुढच्या कंसापर्यंत मागे नेलेले. पाटे हलके, शॉक ॲब्सॉर्बरसह, ॲक्सलवर विजेचे ब्रेक. जोडणीला साधा २ इंचांचा बॉल ठेवायचा नाही असे ठरवले आहे, कारण गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलला की बॉलवरचा कप अडकतो. तिन्ही दिशांना फिरणारी जोडणी घेतली आहे. बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, म्हणजे जवळजवळ १,२८० वॉट-तास. तिला शून्य अंशाखाली चार्ज करू नये असे आहे आणि ती आता बाहेर दांडीवर आहे, तेव्हा तिच्या पेटीला आतून फोम आणि कमी तापमानाला चार्जिंग बंद करणारे संरक्षण दोन्ही देतो आहे. आत शेगडी किंवा हीटर पेटवायचा नाही, तरीही कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र उशाशी असेल.

एकच शंका उरली. पाट्यांचे कंस २.८२ मीटरच्या हिशेबाने वेल्ड करून टाकू, की पेटी पूर्ण बांधून झाल्यावर जागा ठरवू? पेटी चढल्यावर खाली वेल्डिंग करणे मला धोक्याचे वाटते.


जोडकाम

दोन्ही करू नका. चासी, दांडी आणि ॲक्सल तयार झाले की कंस सी-क्लँपने नुसते धरून ठेवा. चासीवर प्लायचे दोन तक्ते टाका आणि वहीतल्या प्रत्येक वस्तूच्या जागी तेवढ्याच वजनाची रेतीची पिशवी ठेवा : पाण्याच्या जागी पंच्याहत्तर किलो, फ्रिज-शेगडीच्या जागी नव्वद, भिंतींच्या जागी दोनशे पसरून. मग जोडणीचे टोक गाडीच्या बॉलच्या उंचीवर ठोकळा रचून त्यावर ठेवलेल्या घरच्या वजनकाट्यावर टेकवा. काटा ७५ ते ९५ च्या मध्ये थांबेपर्यंत क्लँप सैल करून ॲक्सल मागेपुढे सरकवा. त्यानंतर पाण्याच्या पिशव्या काढून पुन्हा एकदा पाहा. दोन्ही वेळा आकडा पटला की खडूने खूण करा, पिशव्या उतरवा आणि मग वेल्डिंग करा.


वाळवंटी

पिशव्या ठेवताना ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यांखाली जॅक स्टँड ठेवायला विसरू नका. माझी चासी उलार झाली होती तेव्हा मी मागेच उभा होतो.